वाचकांचे प्रश्न : चू यांच्या घरचे रविवारचे जेवण

गेल्या अंकात या सदरातून अँग ली यांनी दिग्दर्शित केलेला ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ हा १९९४ सालचा तैवानी चित्रपट आवर्जून पाहावा, असे सुचवले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. चित्रपटाचा शेवट सांगितल्याशिवाय त्यांतील काहींना उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून ज्यांना तो अजून पाहायचा आहे त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

प्रश्न : आपण याला प्रेम, घर आणि जेवण यांवरचा विनोदी चित्रपट म्हटले होते. मला तर ती एका एकाकी बापाची गोष्ट वाटली. शिवाय या विचित्र नावाचा अर्थ काय? (नाशिक)

उत्तर : मूळ चिनी शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘खाणे, पिणे, पुरुष, स्त्री’ असाच आहे. ‘लीजी’ या प्राचीन चिनी ग्रंथात, खाणेपिणे आणि स्त्रीपुरुषांचे आकर्षण यांतच माणसाच्या मोठ्या इच्छा सामावलेल्या आहेत, अशा अर्थाचे एक वचन आहे आणि शीर्षक त्यातून घेतले आहे. तेव्हा चित्रपटात प्रेमकथा किती आणि कौटुंबिक गोष्ट किती, असे वेगवेगळे माप काढता येणार नाही. चू हे तैपेईतील नामांकित आचारी असून पत्नीच्या पश्चात त्यांनी तीन मुली वाढवल्या आहेत. थोरली जिया-जेन शाळेत रसायनशास्त्र शिकवते, मधली जिया-चिएन विमान कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि धाकटी जिया-निंग बर्गरच्या दुकानात काम करते. या चौघांपैकी प्रत्येकाचे कुठेतरी मन गुंतते आणि ते इतर तिघांच्या लक्षातही येत नाही. चित्रपटातला बहुतेक विनोद या न लक्षात येण्यातून निर्माण होतो. एकाकीपण आपल्याला जाणवले ते खरेच आहे, कारण हे चौघे एका घरात राहतात आणि एकमेकांच्या बातम्या मात्र जेवणाच्या टेबलावर ऐकतात.

प्रश्न : माझे सासरे निवृत्तीनंतर दर रविवारी सगळ्यांसाठी स्वतः स्वयंपाक करतात आणि मुले-नातवंडे काही ना काही कारण सांगून टाळतात. चित्रपटातील मुलीही तशाच वागतात. वडील एवढे राबत असताना त्या मला कृतघ्न वाटल्या. दिग्दर्शकाला त्या तशाच दाखवायच्या आहेत का? (पुणे)

उत्तर : मला तसे वाटत नाही, आणि आपण घरातले उदाहरण दिले आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवातीचा प्रसंग आठवून पाहा. चू हौदातला मासा काढतात, सुरीने त्याचे काप करतात, पिठात घोळवून कढईत सोडतात. माकुळावर सुरीने आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढतात. उकडण्याच्या बांबूच्या टोपल्या एकावर एक चढतात, वाफ येते, मध्येच फोन वाजतो तर तो मानेत धरूनच त्यांचा हात चालू राहतो. कॅमेरा चेहऱ्यापेक्षा हातांवर अधिक रेंगाळतो आणि त्या हातांत घाई नाही की शंका नाही. हाच माणूस टेबलाशी येऊन बसतो तेव्हा त्याला बोलायला दोन वाक्ये सापडत नाहीत. चार माणसांसाठी पंगतीला पुरेल एवढे पदार्थ मांडलेले असतात आणि मुली त्यांतले जेमतेम चिवडतात. मधली मुलगी चवीतली उणीव दाखवते आणि वडील दुखावतात, कारण त्यांच्या जिभेची चव हळूहळू जात चालली आहे आणि हे त्यांनी घरात उघडपणे सांगितलेले नाही.

या मधल्या मुलीकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे. लहानपणी ती वडिलांच्या स्वयंपाकघरातच रमलेली असते आणि तिला आचारी व्हायचे असते. वडिलांनी तिला तिथून बाहेर काढून शिक्षणाकडे वळवले, तिच्या भल्यासाठीच. तिच्या दृष्टीने मात्र घरातले जे एकच दार तिला हवे होते ते बंद झाले. पुढे ती मित्राच्या घरच्या ओट्याशी उभी राहून वडिलांच्या तोडीचे पदार्थ रांधते आणि त्या वेळी तिचा चेहरा जसा खुलतो तसा तो कार्यालयात कधीच दिसत नाही. अशी मुलगी रविवारी वडिलांनी रांधलेल्या ताटासमोर बसते तेव्हा तिला काय वाटत असेल, याचा विचार केला की कृतघ्न हा शब्द मला तरी वापरवत नाही.

आपल्याकडे आग्रहाला फार मान आहे. माझे वडील रविवारी मटण स्वतः करत आणि नळीचा तुकडा काही न बोलता माझ्या ताटात सरकवत. परीक्षेत नापास झालो त्या आठवड्यातही त्यांनी तेच केले. तो तुकडा म्हणजे त्यांचे बोलणे होते हे मला आज कळते, पण तेव्हा मला त्यांनी काहीतरी विचारायला हवे होते. चू यांच्या मुलींचे असेच होते. खायला भरपूर आहे, पण ‘तुझे काय चालले आहे’ हा प्रश्न त्या टेबलावर कोणी विचारत नाही, म्हणून प्रत्येकीला ‘मला एक सांगायचे आहे’ अशी घोषणा करूनच बोलावे लागते आणि प्रत्येक घोषणेनंतर एक खुर्ची रिकामी होते. धाकटी गर्भवती असल्याचे जाहीर करून जाते, तर थोरली शाळेतल्या व्हॉलीबॉल प्रशिक्षकाशी लग्न झाल्याचे सांगून जाते. आपल्या सासऱ्यांना त्यांच्या स्वयंपाकाविषयी काही सांगू नये. एखाद्या रविवारी कांदा चिरायला त्यांच्या शेजारी उभे राहावे आणि ते आपण होऊन काय बोलतात ते ऐकावे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. सुरुवातीची काही मिनिटे डोळे मिटूनच बसलो. (सांगली)

उत्तर : आपली अडचण मी समजू शकतो. ही दृश्ये गाळून पुढे गेल्यास कथेचा धागा तुटत नाही. त्यानंतर जिवंत प्राणी कापण्याची दृश्ये तुलनेने फारच थोडी आहेत.

प्रश्न : शेवटी वडील मुलींच्या बरोबरीच्या जिन-रोंगशी लग्न करतात हे पटले नाही. तो केवळ धक्का देण्यासाठी केलेला प्रकार वाटला. (ठाणे)

उत्तर : धक्का देण्याचा हेतू आहेच, पण त्याची तयारी दिग्दर्शकाने आपल्या डोळ्यांसमोर केली आहे. जिन-रोंग ही या घराशी घरोबा असलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली स्त्री आहे आणि तिची शान-शान नावाची लहान मुलगी शाळेत जाते. चू रोज त्या मुलीचा डबा करून शाळेत नेऊन देतात. तो डबा उघडतो तेव्हा वर्गातली मुले भोवती गोळा होतात आणि उद्या कोणाला काय हवे याची यादीच सांगू लागतात. आईने दिलेला साधा, फारसा न जमलेला डबा मात्र चू स्वतः बसून संपवतात. आईला हा प्रकार कळतो तेव्हा ती शरमते, आणि चू यांना मात्र त्या डब्याबद्दल काहीही तक्रार नसते.

ज्या माणसाची चव गेली आहे, जो उभ्या तैपेईत आपल्या हातासाठी ओळखला जातो, तो दुसऱ्याने केलेला कच्चा-पक्का घास रोज मुकाट्याने खातो. याहून स्पष्ट प्रेमाची कबुली मला या चित्रपटात दुसरी दिसली नाही. घरच्या टेबलावर जे पदार्थ उरतात त्यांच्या तुलनेत शान-शानला दिलेला तो लहानसा डबा रोज चाटूनपुसून रिकामा होऊन परत येतो, हेही लक्षात घ्यावे. चू यांना बऱ्याच वर्षांत आपल्या हातचे मनापासून खाणारे कोणी मिळालेले नव्हते.

तरीही आपल्या नापसंतीत तथ्य आहे, असे मला एका बाबतीत वाटते. जिन-रोंगची आई अमेरिकेहून परत आलेली असते आणि चू तिच्याशीच लग्न करतील असे सगळे धरून चालतात, तीही धरून चालते. शेवटच्या मोठ्या जेवणात चू पेला उचलून, आपल्या तब्येतीचा वैद्यकीय दाखला पुढे करून, तिच्या मुलीला मागणी घालतात आणि ती बाई भोवळ येऊन पडते. प्रेक्षक हसतात, मीही हसलो. पण तिला आधी कोणीतरी एका शब्दाने सांगायला हवे होते. चित्रपटाने तिला बडबडी आणि तोंडाळ दाखवून तिच्या अपमानाची वाट सोपी केली आहे, आणि इतक्या समजूतदार कलाकृतीत ही गोष्ट मला खटकते.

प्रश्न : चू हे पंचतारांकित हॉटेलात काम करतात असे दिसते. ते ठिकाण खरे आहे का? आणि दिग्दर्शकाला स्वतःला स्वयंपाक येतो का? (बेळगाव)

उत्तर : तैपेईतले ग्रँड हॉटेल खरे आहे. ते १९५२ साली सुरू झाले आणि अनेक वर्षे परदेशी पाहुण्यांची सरकारी सरबराई तिथेच होत असे. १९४९ मध्ये चीनच्या मुख्य भूमीवरून लाखो लोक तैवानमध्ये आले, त्यांच्याबरोबर निरनिराळ्या प्रांतांचे आचारीही आले आणि तैपेईत चिनी प्रांतांच्या पाककृती एकाच शहरात मिळू लागल्या. चू हे त्या पिढीचे प्रतिनिधी आहेत. मागे राहिलेले घर त्यांना परत मिळणार नाही, म्हणून ते हाताला येणाऱ्या कलेतून जपतात, असे मला त्यांच्याकडे पाहताना वाटत राहिले.

अँग ली यांचे आईवडीलही मुख्य भूमीवरून आलेले होते आणि त्यांचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. न्यूयॉर्कमध्ये चित्रपटाचे शिक्षण घेतल्यानंतर ली यांना सुमारे सहा वर्षे हाताला काम नव्हते. पत्नी नोकरी करत असे आणि ते घरी राहून मुले सांभाळत, स्वयंपाक करत. हा तपशील ठाऊक झाल्यावर त्यांच्या कॅमेऱ्याला चुलीजवळचे इतके बारकावे का दिसतात, याचे आश्चर्य वाटत नाही. चू यांचे काम करणारे लुंग सियुंग हे ली यांच्या याआधीच्या दोन्ही चित्रपटांत वडीलच झाले होते. या चित्रपटाला परभाषिक चित्रपटासाठीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि २००१ साली अमेरिकेत हीच कथा लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन कुटुंबात नेऊन पुन्हा चित्रित झाली. पुदुच्चेरीत काही भाग चित्रित झालेला ‘लाइफ ऑफ पाय’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, तो याच दिग्दर्शकाचा.

प्रश्न : चू यांची चव अखेर परत येते ती कशाने? औषधाने की मुलीच्या प्रेमाने? मला हे जरा स्वप्नवत वाटले. (रत्नागिरी)

उत्तर : चित्रपट त्याचे कारण देत नाही आणि मीही देणार नाही, फक्त तो प्रसंग पुन्हा आपल्यासमोर ठेवतो. जुने घर आता सुटणार आहे. मुली पांगल्या आहेत, वडिलांचा नवा संसार दुसरीकडे मांडला गेला आहे. रविवारी येतात ते एकटे चू, आणि स्वयंपाकघरात असते जिया-चिएन. ज्या ओट्यापासून तिला दूर केले होते तिथे ती उभी आहे आणि वडील पहिल्यांदाच पाहुण्यासारखे टेबलाशी बसले आहेत. ती त्यांना रस्सा वाढते. ते एक चमचा घेतात आणि आले जास्त झाल्याची तक्रार करतात. ती वाद घालू लागते, जशी नेहमी घालत आली आहे. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात येते की आले जास्त झाले हे कळायला आधी चव कळावी लागते. चू वाडगा पुढे करतात आणि आणखी थोडा वाढ म्हणतात.