वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एमबीएमध्ये ऑपरेशन्स आणि तंत्रज्ञान व्यवस्थापन हा विषय निवडावा का?

तुम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आहात, एमबीएच्या दुसऱ्या वर्षासाठी विशेष विषय निवडायचा आहे आणि ऑपरेशन्स (म्हणजे माल किंवा सेवा तयार होऊन ग्राहकापर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया) व तंत्रज्ञान व्यवस्थापनाकडे तुमचा ओढा आहे. मात्र हा विषय अभियंत्यांचा आहे, त्यातले गणित जड जाते आणि ‘तंत्रज्ञान’ या नावाखाली शेवटी काही सॉफ्टवेअर शिकवले जातात, असे सहाध्यायी सांगत असल्याने तुम्ही अडखळला आहात. मीही वाणिज्य पदवीनंतर हाच विषय घेतला आणि पुढे याच क्षेत्रात काम करत आलो. माझे उत्तर ‘जरूर घ्या’ असे आहे. पण तुमच्या मित्रांनी सांगितलेल्या कारणांहून वेगळ्या काही गोष्टी निवडीपूर्वी ठाऊक असाव्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

गणिताची भीती बरीचशी निराधार आहे, कारण या विषयाचा पाया तुम्ही वेगळ्या नावाने आधीच शिकलेले आहात. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक नियम असा की, कोणत्याही स्थिर प्रक्रियेत सरासरी जितकी कामे अडकलेली असतात, तितकीच संख्या कामे येण्याचा दर आणि एका कामाला लागणारा सरासरी कालावधी यांच्या गुणाकारातून मिळते. समजा, एका कर्ज विभागात 600 अर्ज प्रलंबित आहेत आणि दररोज 50 अर्ज येतात व तितकेच निकाली निघतात. तर अर्जाचा सरासरी मुक्काम 12 दिवसांचा आहे, हे कोणालाही न विचारता सांगता येते. मालसाठ्याच्या रकमेला विकलेल्या मालाच्या दैनंदिन खर्चाने भागून माल किती दिवस पडून राहतो हे तुम्ही लेखाशास्त्रात काढलेले आहे आणि उधारीच्या वसुलीचा कालावधीही तसाच काढलेला आहे. तो हाच नियम आहे. फरक इतकाच की, लेखापाल त्या आकड्याची मागच्या वर्षाशी तुलना करतो, तर ऑपरेशन्सचा विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतो: एका अर्जावर प्रत्यक्ष काम दोन-तीन तासांचेच असेल, तर उरलेले दिवस तो कोणाच्या टेबलावर आणि कशाची वाट पाहत पडून असतो?

या प्रश्नापाशी विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पहिला धक्काही इथेच बसतो. रिकामी क्षमता म्हणजे वाया गेलेला पैसा, असे आपल्याला शिकवलेले असते. रांगांचा सिद्धान्त, ज्याची सुरुवात कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांच्या 1909 च्या लेखापासून झाली, याच्या नेमके उलट काहीतरी दाखवतो. एकच खिडकी आहे, माणसे अनियमितपणे येतात, प्रत्येकाचे काम कमी-अधिक वेळ घेते आणि सरासरी दहा मिनिटे लागतात, असे धरा. नेहमीच्या साध्या प्रारूपानुसार खिडकी 80 टक्के वेळ व्यग्र असेल तर रांगेतील सरासरी प्रतीक्षा 40 मिनिटांची होते. 90 टक्क्यांना ती 90 मिनिटे आणि 95 टक्क्यांना 190 मिनिटे होते. शेवटच्या पाच टक्क्यांची ‘बचत’ ग्राहकाचे शंभर मिनिटे खाते! येणाऱ्या कामात आणि कामाच्या वेळेत चढउतार आहेत तोवर थोडी मोकळीक ठेवणे ही चैन ठरत नाही, तीच सेवेची किंमत असते. हे सूत्र एका ओळीचे आहे; अवघड आहे ते आयुष्यभराची सवय मोडून त्यावर विश्वास ठेवणे. मला स्वतःला त्यासाठी जवळजवळ एक सत्र लागले.

पुरवठा साखळीच्या अभ्यासक्रमात बहुधा तुम्हाला ‘बीअर गेम’ खेळायला मिळेल. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने 1960 च्या सुमारास तयार केलेल्या या खेळात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात. ग्राहकांची मागणी फक्त एकदा वाढून पुढे स्थिर राहते, तरीही माल पोहोचण्यातील विलंबामुळे आणि प्रत्येकजण फक्त आपल्यापुरते पाहत असल्यामुळे कारखान्यापर्यंत जाणाऱ्या मागणीपत्रांत प्रचंड लाटा उसळतात. त्या दिवशी गैरहजर राहू नका.

आता तंत्रज्ञानाविषयी, कारण तुमच्या मित्रांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. ऑपरेशन्स आणि तंत्रज्ञान हे दोन विषय एका नावाखाली का शिकवतात, याचे उत्तर कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या विजेच्या मोटारीच्या इतिहासात मिळते. वाफेच्या काळात कारखान्यात एक मोठे इंजिन असे, छताखालून लांब दांडे फिरत आणि पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळे. त्यामुळे यंत्रे कामाच्या क्रमाने मांडली न जाता दांड्यांच्या सोयीने मांडलेली असत. वीज आल्यावर अनेक मालकांनी इंजिनाच्या जागी मोटार बसवली आणि बाकी सारे तसेच ठेवले, म्हणून लाभही बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार देऊन कारखान्याची मांडणीच कामाच्या ओघानुसार बदलली गेली, तेव्हा, म्हणजे मुख्यत्वे 1920 च्या दशकात, उत्पादकता ठळकपणे वाढली. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये हाच दाखला संगणकाच्या संदर्भात दिला, कारण त्याआधी 1987 मध्ये रॉबर्ट सोलो यांनी संगणकयुग उत्पादकतेच्या आकडेवारीत मात्र कुठेच दिसत नाही, असे नोंदवले होते.

हे मी नोकरीत जवळून पाहिले आहे. एका संस्थेत खरेदीच्या मंजुरीसाठी कागदी फॉर्मवर सहा सह्या लागत; संगणकीय प्रणाली आली आणि सहा सह्यांच्या जागी सहा क्लिक आले, पण मंजुरीचा कालावधी फारसा हलला नाही, कारण कागदाच्या प्रवासापेक्षा प्रत्येकाच्या पुढ्यात साचणारा ढीगच वेळ खात होता. त्या सहांपैकी कोणती मंजुरी खरोखर काही तपासते, हे आधी विचारायला हवे होते आणि ते विचारणे माझ्याच कामाचा भाग होते. म्हणून तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम निवडताना त्यात कोणती सॉफ्टवेअर शिकवतात याला फार महत्त्व देऊ नका. नवे साधन आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर प्रक्रिया मोजायला लावणारा प्रकल्प आहे का, ते विचारा. नवतंत्रज्ञानाचा प्रसार, एखाद्या उत्पादनाची सर्वमान्य रचना ठरण्याआधीची स्पर्धा, कधी आधी उतरावे आणि कधी थांबावे, हे भागही असतील आणि ते वाचून समजण्यासारखे आहेत.

अभियंत्यांना सुरुवातीला एक फायदा असतो तो रेषीय प्रोग्रॅमिंगसारख्या (मर्यादित साधनांची सर्वोत्तम वाटणी शोधण्याच्या गणिती पद्धतीसारख्या) विषयांत, पण गणना संगणक करतो आणि खरी कसोटी मर्यादा नेमक्या शब्दांत मांडण्याची असते. ज्याने अर्थसंकल्प तयार केला आहे त्याला ते जमते. तुम्हाला मेहनत घ्यावी लागेल ती संख्याशास्त्रावर, विशेषतः विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरतात, या कल्पनेवर. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये बेल टेलिफोन समूहातील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना मांडलेला नियंत्रण आलेख, म्हणजे रोजचे आकडे आणि त्यांच्या नेहमीच्या चढउताराच्या वरच्या-खालच्या सीमा दाखवणारा आलेख, त्यासाठी सर्वांत चांगला आरंभ आहे: आकडा हलला की लगेच कोणाला तरी जबाबदार धरायचे, की हे प्रक्रियेतले नेहमीचेच हेलकावे आहेत असे ओळखून शांत राहायचे, हे त्यातून शिकता येते. सुट्टीत एखाद्या रोजच्या आकड्याचा तीस दिवसांचा आलेख हाताने काढून पाहा. त्या कामात तुमचे मन रमले, तर हा विषय निःशंकपणे घ्या. ते रटाळ वाटले, तर मात्र वित्त किंवा विपणन तुम्हाला अधिक मानवेल, कारण या क्षेत्रातले निम्मे दिवस असेच मोजण्यात आणि पुन्हा मोजण्यात जातात.