बाबांच्या कद्दीशबद्दल

चिरंजीव,

शालोम आणि अनेक आशीर्वाद. बाबा गेल्यापासून आपल्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, जाऊन कद्दीश ही दुखवट्याची प्रार्थना म्हणतोस, पण ओठ हलतात आणि मन कोरडंच राहतं, असं लिहिलंस. विश्वास वाटत नसेल तर म्हणणं खोटं ठरतं का, असंही विचारलंस. नाही ठरत. म्हणत राहा.

आपण बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पोथ्या बुडाल्या, हिब्रू विसरली. ध्यानात राहिलं ते 'शमा', देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना. सुंतेला, लग्नाला, मयतीला तेच म्हणायचे. कोकणात तेलाचे घाणे चालवले, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली आपला इतिहास लिहून पुरा केला. त्यात 'अनाशी ढाकाचा सण' आहे. त्या सणाला आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचे. तो आपला पेसाह! त्यामागची कथा, मिसरमधली गुलामी, मोशे, सुटका, सगळी मागे पडली होती, तरी घरोघर भांडं झाकणं चुकलं नाही. पुढे शिकवणारे आले, हिब्रू परत आली. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठीतली हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. पुण्याच्या हग्गादात तर लुगडी नेसलेल्या बायका मत्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, करताना दाखवल्या आहेत. मला ते चित्र फार प्रिय आहे. 'अर्थ कळत नाही, मग करायचं कशाला' म्हणून त्या आधीच्या लोकांनी भांडं झाकायचं सोडलं असतं, तर शिकवायला आलेल्यांनी ती मिसरची कथा कशाशी जोडली असती?

आता कद्दीश. त्यात मरणाचा शब्दही नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? देवाच्या नावाची थोरवी गायची, त्याचं राज्य लवकर यावं आणि शांती मिळावी एवढं मागायचं. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय त्याच्या तोंडी हे घातलंय, आणि मला वाटतं ते जाणूनबुजून घातलंय. शिवाय ते एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण लागतात. तुझं मन रितं असेल त्या दिवशी बाकीचे 'आमेन' म्हणतात. त्यांच्या आमेनवर टेकायला लाजू नकोस. आपली निम्म्याहून अधिक माणसं इस्राएलला गेली. रेवदंड्याला, अलिबागला मिन्यान, म्हणजे हे दहा जण, जमवताना किती फोन करावे लागतात ते मी पाहतो. तू तिथे हजर राहिलास की दुसऱ्या कुणाचं तरी कद्दीश होतं.

बहिणीचं लग्न ठरलंय, पण दुखवट्याच्या वर्षात मलिदा, म्हणजे एलियाहू हनाबीच्या नावाने करायचा आभाराचा विधी, कसा करायचा, असं आई म्हणते. त्यांना माझा निरोप दे, अवश्य करा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आपण एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा दाखवतो, आजारपणात त्यालाच नवस बोलतो, आणि मशीहाची, म्हणजे येणाऱ्या तारणहाराची, वर्दी तोच देणार असं मानतो. ज्या घरातून माणूस गेलंय, तिथे त्याला बोलवायलाच हवं. पोहे भिजवून ओलं खोबरं, साखर, वेलची घाला, खजूर आणि फळं मांडा. बाबांच्या जागी आशीर्वाद तूच म्हण. अडखळलास तर मी शेजारी बसलेला असेन.

तुझा काका