वाचकांचे प्रश्न : तेरा फुटांनी काय बिघडलं?

प्रश्न : अमेरिकी तटरक्षक दलाने आयलँड वर्गातल्या ८ गस्ती नौका लांब करून घेतल्या आणि लगेच सेवेतून काढल्या, असं वाचलं. एवढ्याशा लांबीने काय झालं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळात या नौकांचा पत्राच पातळ. व्हॉस्पर थॉर्निक्रॉफ्ट या ब्रिटिश जहाजबांधणी कंपनीच्या ३३ मीटरी आराखड्यावरून अमेरिकेतल्या लुइझियानामधल्या बॉलिंजर या जहाजबांधणी यार्डने १९८५ ते १९९२ या काळात अशा ४९ नौका बांधल्या. वजन सुमारे १६५ टन, माणसं १६, वेग २९ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास. तेवढा वेग हवा तर वजन कमीच ठेवावं लागतं.

पुढे छोटी बोट मागच्या उतारावरून थेट पाण्यात सोडता यावी म्हणून ११० फुटांचे १२३ फूट केले. आता एक लाट नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, दुसरी मागच्या टोकाखाली आली की मधला भाग लोंबतो. डेकवर दाब, तळावर ताण. बाकी सगळं तेच धरलं तर हा वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे साधारण पाव पट जास्त. पातळ पत्रा दाबाखाली कधी दुमडेल, ते मात्र जाडीच्या वर्गावर ठरतं. गंजाने जाडी १० टक्के गेली, तर ती मर्यादा १९ टक्के उतरते. आणि या नौका तर पंधराएक वर्षं खाऱ्या पाण्यात झिजलेल्या!

आडवा छेद वाकण्याला किती विरोध करतो, त्याचा आकडा बॉलिंजरने कळवला होता ५,२३२ घन इंच. खरा निघाला त्याच्या निम्म्यावर. हिशेब इथेच फसला.

सप्टेंबर २००४ मध्ये वादळ चुकवायला निघालेल्या ‘मॅटागोर्डा’चा पत्रा दुमडला. मग डेकच्या कडेने पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या. पण पट्टी मारली की ताण तिच्या टोकाशी जमतो. भेगा येतच राहिल्या, इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, म्हणजे शाफ्टची, रेषाही सरकली. वेगावर बंधनं घालून पाहिली. अखेर ३० नोव्हेंबर २००६ ला आठही नौका धक्क्याला बांधल्या. बेत मात्र सगळ्या ४९ लांबवायचा होता.

प्रश्न : मग न लांबवलेल्यांचं काय झालं?

उत्तर : त्या बऱ्या टिकल्या. काही बहरीनमध्ये राहून इराणच्या आखातात गस्त घालत. २०१२ पासून त्यांची जागा नव्या, सेंटिनेल वर्गातल्या गस्ती नौका घेऊ लागल्या. जॉर्जिया, कोस्टा रिका आणि युक्रेनला जुन्या नौका दिल्या गेल्या. ‘कशिंग’ युक्रेनमध्ये ‘स्लोव्हियान्स्क’ झाली. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या हवाई हल्ल्यात ती बुडाली.