वित्त की आंतरशाखीय विषय?

प्रश्न : लातूरला बी.कॉम. झाल्यावर मी एमबीएला प्रवेश घेतला आहे. वित्ताऐवजी जागतिक व्यवस्थापन, नीती आणि तंत्रज्ञान एकत्र शिकवणारा ऐच्छिक विषय घ्यावा का?

उत्तर : अवश्य घ्यावा. तुमच्याच आडत बाजारातले सोयाबीन पाहा : त्याच्या भावावर शिकागोच्या वायद्यांचा (पुढच्या तारखेला ठरल्या भावाने माल देण्या-घेण्याच्या सौद्यांचा) आणि खाद्यतेलाच्या आयात शुल्काचा परिणाम होतो, देशातील त्याचे वायदे बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये स्थगित केले, आणि शेतकऱ्याची माहिती अ‍ॅपवर गोळा करणाऱ्या कंपनीला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा विचारात घ्यावा लागतो. हे सारे नुसता ताळेबंद वाचून उमगत नाही. मात्र नीतीचा तास पुष्कळदा व्याख्यानावरच उरकला जातो. म्हणून प्रत्यक्ष प्रकरणांच्या अभ्यासाला किती गुण आहेत, हे आधी पाहून घ्यावे.