वर्गात निम्म्या मुली, टीममध्ये दोघीच

प्रश्न : माझी लेक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात निम्म्या मुली. पण माझ्या पुतण्याच्या हिंजवडीतल्या चौदा जणांच्या टीममध्ये बायका दोनच. दीर म्हणतात, कोडिंग हे बायकांच्या डोक्याचं कामच नव्हे. खरं काय?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, दिरांना सांगा, १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा कॉम्प्युटर लोकांपुढे आला, तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. यंत्र बांधणं मोठं काम आणि त्यावर गणित चढवणं कारकुनी, असा तेव्हाचा समज. पुढे कामाला भाव आला आणि खुर्चीतली माणसं बदलली. तिथंच १९८४ च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत मुली ३७ टक्के होत्या, नंतर विसाच्याही खाली गेल्या. एवढ्यात मेंदू कुणाचा बदलतो? घरोघरी कॉम्प्युटर आला तो मुलग्यांचं खेळणं म्हणून.

आपल्याकडं वेगळं नव्हतं. मी १९९९ पासून इथं क्लास घेते. घरात पीसी आला की तो भावाच्या खोलीत. बहिणीला "त्याचं झालं की बस". मुलगे रात्री उशिरापर्यंत सायबर कॅफेत, मुली दिवेलागणीला घरात. मग सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला घेतली की मुलगे सगळं येत असल्यासारखे बोलायचे आणि मुली वही झाकून बसायच्या. परीक्षेत बरेचदा मुलीच पुढं, ते सोडा.

आता लॅपटॉप मुलींनाही मिळतो, अडचण पुढं सरकलीय. क्लास काढण्याआधी मी पुण्यात एका कंपनीत होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तर माझं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा मी लिहीत असलेला भाग, दुसऱ्याकडं, माझ्याकडं टेस्टिंग, म्हणजे लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधणं. "तुम्हाला लवकर निघता येईल, मॅडम." किती प्रेमानं! टेस्टिंग हलकं नव्हे, पण ते मी मागितलं नव्हतं. रिलीज, म्हणजे तयार प्रोग्रॅम वापरासाठी सोडायचं काम, रात्री असायचे, आणि लहान मूल घरी ठेवून रात्री थांबणारा नेहमी बापच. दीड वर्षात मी राजीनामा दिला. आता २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सक्ती आहे. रजेनंतर आपलं कोड परत मिळवायला मात्र भांडावंच लागतं.

लेकीला सांगा, मुलाखतीत विचार, रजेवरून आलेल्या बाईला इथं काय काम देता? आणि पुतण्याला फोन करून विचारा, त्या दोघी कोड लिहितात की टेस्टिंग करतात? काय म्हणाला ते मला कळवा.