ती नऊ पानं मुलीची आहेत

(धायरीच्या एका पालकांचं पत्र, थोडक्यात: ‘मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरला आहे. दहावीला ९४ टक्के होते. यंदा एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, राहिली. कारण शोधलं तर रात्री दीड-दोनपर्यंत कानात हेडफोन, डीजेची गाणी आणि त्या गाण्यांवर ब्लॉग. कंपनीच्या कँटीनमध्ये एका सहकाऱ्यानं तो ब्लॉग मोबाइलवर दाखवला, तेव्हा माझी मान खाली गेली. घरी येऊन पासवर्ड घेतला आणि दीड वर्षातलं सगळं डिलीट केलं. पुरावा म्हणून आधी नऊ पानांची प्रिंट काढली होती, ती सोबत पाठवतो. तीन आठवडे झाले, ती माझ्याशी बोलत नाही. हे वेड उतरवायला तिला तुमच्याकडे समुपदेशनाला आणू, की सरळ बीबीएला घालू?’)

नमस्कार,

एम-थ्रीचं आधी उरकते. एक विषय राहिला म्हणून वायडी लागत नाही, म्हणजे वर्ष वाया जात नाही, पुढच्या परीक्षेत तो निघेल, आणि बीबीएचा विचार डोक्यातून काढून टाका. पुण्यात एम-थ्री अडकलेली मुलं गल्लोगल्ली सापडतात. त्यातली कितीतरी आज हिंजवडीत व्यवस्थित नोकरी करताहेत.

मला रात्री झोप लागली नाही ती तुमच्या एका वेगळ्याच वाक्यामुळे. ‘दीड वर्षातलं सगळं डिलीट केलं.’ तुम्ही हे इतक्या सहज लिहिलं आहे, जणू माळ्यावरची रद्दी काढली. प्रिंटच्या तळाशी वर्डप्रेसचा पत्ता दिसतो. तिथे काढून टाकलेलं लिखाण ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतं आणि नंतर कायमचं जातं. तुमचे तीन आठवडे होऊन गेलेत. म्हणून हे उत्तर इथे येण्याची वाट न पाहता एवढा एक मुद्दा मी तुम्हाला कालच मेसेज केला आहे. ट्रॅश रिकामा केला नसेल तर आजच लॅपटॉप आणि पासवर्ड तिच्या हातात द्या. परत काय आणायचं, काय नाही, ते तिला ठरवू दे. तुम्ही शेजारी उभे राहू नका.

आता एक विचारते. ती रोज पहाटे तानपुरा घेऊन बसत असती आणि तरीही एम-थ्रीत राहिली असती, तर तुम्ही तानपुरा फोडला असता का? मला नाही वाटत. फार तर परीक्षेपुरता बाजूला ठेव म्हणाला असता, आणि चार पाहुण्यांत कौतुकानं सांगितलंही असतं. म्हणजे राग गुणांचा नव्हता. तुमच्या चार पानी पत्रात एम-थ्री एकदाच येतो. कँटीन, साहेब, नातेवाईक, ‘उद्या लग्नाच्या वेळी काय सांगू’ हे मात्र पानोपानी आहे. त्या सहकाऱ्यानं मोबाइल पुढे केला तेव्हा तो नेमकं काय म्हणाला, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. कदाचित तो कौतुकानंच दाखवत असेल. कारण ती पानं मी वाचली आहेत, आणि त्यांत बापानं मान खाली घालावी असं एक अक्षर नाही.

तिच्याशी बोलायची सुरुवात कशी करू, असं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलं आहे. ‘मी चुकलो’ एवढंच म्हणा आणि थांबा. ‘मी चुकलो, पण तूसुद्धा’ असं म्हणालात तर तिला फक्त ‘पण’नंतरचं ऐकू येईल. लगेच उत्तराची अपेक्षाही नको. एकोणीस वर्षांच्या मुलीचं दीड वर्ष एका संध्याकाळी गेलंय. तिला वेळ लागेल.

तुमच्या मनात एक मोठा गैरसमज आहे, आणि तो एका शब्दामुळे झालाय. तुमच्यासाठी ‘डीजे’ म्हणजे विसर्जनाच्या रात्री ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, छातीत होणारी धडधड आणि कानात बोटं घातलेली म्हातारी माणसं. त्या भिंतीचा मलाही तिटकारा आहे. पण मुलगी ज्यावर लिहिते ते हे नव्हे. ती हाउस आणि टेक्नो या यंत्रांवर घडवलेल्या नाचाच्या संगीतावर लिहिते. हाउस नावाचं संगीत शिकागोत जन्मलं. तिथे १९७७ साली वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला, फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड लावायचा, आणि ‘हाउस’ हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं मानतात. टेक्नो डेट्रॉइटचं, मोटारींच्या कारखान्यांच्या शहरातलं. आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं वाटत असेल तर तुम्हीच पाठवलेलं सहावं पान वाचा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर, एक तालाचं, एक बेसचं आणि एक सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य), दहा राग बसवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्याच बेसच्या यंत्राच्या खुंट्या पिळून जो आवाज काढला त्याला जग अॅसिड हाउस म्हणू लागलं, आणि २०१० मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा हा माणूस आधीच तिथे जाऊन आला होता हे पाहून जाणकार थक्क झाले. तुमच्या मुलीनं हे शोधून, तारखा ताडून लिहिलंय. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत, १९६९ साली मूग सिंथेसायझर येऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता, हे तर मलाही तिच्या पानावरून कळलं. मग मी ते पडताळून पाहिलं. बरोबर निघालं.

रात्री, दारू, पब याची जी भीती तुम्ही लिहिली आहे ती मी खोटी म्हणणार नाही. या संगीताच्या कार्यक्रमांत ते असतं, आणि बापाला काळजी वाटणारच. ती तिच्याशी समोरासमोर बोला. पण नऊ पानांत एकाही पार्टीचा उल्लेख नाही. ही मुलगी सगळं पीएमपीच्या बसमध्ये आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी ऐकते.

आता पुढचं तिच्यासाठी. हे तिला वाचायला द्या.

बेटा, तुझी परवानगी न घेता तुझं लिखाण माझ्यापर्यंत आलं, त्याबद्दल माफ कर. वाचलं आहे तर स्पष्ट सांगते. नऊपैकी सहा पानं तुझी नाहीत. ‘बँगर’, ‘गूजबंप्स’, ‘क्रेझी ड्रॉप’, ‘नेक्स्ट लेव्हल व्हाइब’ हे कुणीही कुठल्याही गाण्याबद्दल लिहू शकतं. गाण्याचं नाव झाकलं तर तू कशाबद्दल बोलतेस ते कळत नाही. बाहेरच्या समीक्षकांचे कपडे घालून बघितलेस, ठीक आहे, सगळेच सुरुवातीला तसं करतात. आता ते उतरव.

चौथं पान मात्र मी चार वेळा वाचलं. त्यात तू लिहिलंयस की या गाण्यातला हाय-हॅट (ड्रमच्या जोडझांजांचा आवाज) म्हणजे आजी सुपात तांदूळ पाखडते तो आवाज, फक्त हिचा हात दमत नाही. मी डोळे मिटून ते गाणं ऐकलं आणि मला सूप दिसलं. पुढे बस आहे. धायरी फाट्याला ठोका सुरू होतो, आनंदनगरपर्यंत तो एकसारखा चालतो, आणि राजाराम पुलाच्या सिग्नलला बस थांबते तेव्हाच गाण्यातला ठोकाही निघून जातो. तू मोजलंस: मिनिटाला १२८ ठोके, चार-चार ठोक्यांची ३२ आवर्तनं, म्हणजे १२८ ठोके, म्हणजे बरोबर एक मिनिट ठोका नाही. एक मिनिट सगळे प्रवासी, कंडक्टर, खिडकीबाहेरचा रिक्षावाला ठोक्याची वाट बघताहेत असं तुला वाटत राहतं. मग सिग्नल सुटतो आणि ठोका परत येतो. ‘ड्रॉप’ हा शब्द त्या पानावर एकदाही नाही, आणि ड्रॉप म्हणजे काय हे इतक्या सोप्या रीतीनं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

ते वाचताना मला रमणबागेतला सवाई गंधर्व महोत्सव आठवला. मी लहान होते, वडिलांच्या मांडीवर अर्धी झोपेत. तबलजीची तिहाई सुरू झाली की आजूबाजूचे सगळे श्वास धरायचे, आणि समेवर अख्ख्या मांडवाच्या माना एकदम हलायच्या. तू ज्या वाट बघण्याबद्दल लिहितेस ती या गावाला चांगली ठाऊक आहे. तुझे वाचक तुझ्याच आसपास आहेत, त्यांना हे सांगणारं कुणी भेटलेलं नाही. इंग्रजीत लिही, मराठीत लिही, दोन्ही मिसळून लिही, पण एक बघ: सुपाचं वाक्य तुला इंग्रजीत सुचलं नव्हतं, तू तिथे मराठीत घसरलीस. लय, सम, आवर्तन, ठेका हे शब्द तुझ्या आजीच्या घरातले आहेत. या संगीताला ते लावून बघायला कुणी फारसं बसलेलंच नाही.

सातव्या पानावर तू गाण्यांच्या फाइल्स ड्राइव्हवर टाकून लिंक दिली आहेस. ती काढ आणि पुन्हा तसं करू नकोस. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाला ६० वर्षांचं संरक्षण आहे. परीक्षणासाठी छोटा तुकडा वापरणं वेगळं, अख्खं गाणं वाटून टाकणं वेगळं. पण कायदा राहू दे. तू ज्यांच्यावर लिहितेस ती खोलीत एकटी बसून गाणी करणारी तुझ्याच वयाची मुलं आहेत. बँडकॅम्पवर त्यांचं गाणं कुणी विकत घेतलं तर त्यांना चार पैसे मिळतात. लिंक त्यांच्या पानाची दे. गाणं वाटायचं म्हणजे माणसाला गाण्याच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. आत काय आहे ते त्यानं स्वतः ऐकावं इतकी उत्सुकता तुझ्या दोन परिच्छेदांनी लावली पाहिजे.

यावर पोट भरेल का? नुसत्या संगीतावरच्या लेखनावर नाही भरणार, आणि मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. एफटीआयआयचा साउंडचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, रानडे इन्स्टिट्यूटची पत्रकारितेतली पदव्युत्तर पदवीही, म्हणजे आधी हातात डिग्री पाहिजेच. डीजे शिकवणाऱ्या अकादम्यांची माहितीपत्रकं तुझ्या वडिलांनी जोडली आहेत, ‘हे तरी करू दे का’ म्हणून. त्यांत लाखभर घालू नका. तुला डीजे व्हायचंय असं नऊ पानांत कुठे दिसलं नाही.

मला जे दिसतं ते सांगते. तू ज्या विषयात राहिलीस त्यात फूरियर ट्रान्सफॉर्म आहे, झेड ट्रान्सफॉर्म आहे. सहाव्या पानावर तू लिहिलंस की बेसचं ते यंत्र ‘ओलं, पिळलेलं’ वाजतं. ते पिळणं म्हणजे फिल्टर आहे: वरच्या कंपनसंख्या कापायच्या, कापतो त्या जागी थोडा उभार द्यायचा आणि ती जागा खालीवर सरकवायची. कुठली कंपनसंख्या किती, हे फूरियर सांगतं. संगणकात तोच फिल्टर बांधायचा तर झेड ट्रान्सफॉर्म लागतं. तुला हे वर्गात कुणी सांगितलं नसेल, फळ्यावर नुसती इंटिग्रलं आली असतील. एक काम कर. फुकट मिळणारं एखादं ऑडिओ सॉफ्टवेअर घे, त्यात स्पेक्ट्रम उघड आणि चौथ्या पानावरचं गाणं लाव. राजाराम पुलाच्या त्या मिनिटात डावीकडचा, म्हणजे खालच्या कंपनसंख्यांचा, भाग रिकामा झालेला दिसेल. त्यावर एक लेख लिही आणि मग एम-थ्रीचं पुस्तक काढ. आवाजावर काम करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना ही गणितं येणारी माणसं लागतात. गणित येतं, कान आहे आणि ऐकलेलं चार वाक्यांत सांगता येतं, अशी माणसं त्यांतही थोडी. पण नोकरीचं तिसऱ्या वर्षी बघू. परीक्षेपर्यंत आठवड्याला एकच लेख, रविवारी, आणि रात्री साडेअकराला हेडफोन खाली. हा माझा आग्रह आहे. डोळ्यांखाली काळं आलं की कानालाही नीट ऐकू येत नाही.

पुन्हा तुमच्याकडे. तिला समुपदेशनाला आणू का, असं विचारलंत. तिला आत्ता नको. तुम्ही या, एकटे. शनिवारी दुपारी मी मोकळी असते. ती बोलत नाही म्हणून घरात जे काही तुमच्यावर साचलंय ते ऐकायला मला आवडेल. एक मात्र लक्ष ठेवा: तिचं जेवणखाण, झोप बिघडली असेल, कॉलेज चुकत असेल, तर शनिवारपर्यंतही थांबू नका, लगेच फोन करा.

ती नऊ पानं मी आज स्पीड पोस्टानं परत पाठवली आहेत. समासात पेन्सिलीनं काही खुणा केल्या आहेत. पाकिटावर तिचं नाव आहे. तुमच्या हातात आलं तर तसंच बंद तिला द्या.