पहाटेची टकटक : टॅपेट खोलण्याआधी घड्याळ बघा

प्रश्न : माझी डिझेल पिकअप (कॉमन रेल, १ लाख ४० हजार किलोमीटर) नारायणगावहून टोमॅटो घेऊन वाशीला जाते. महिनाभरापासून पहाटे सेल्फ मारला की वरून, हेडच्या बाजूने, दहा-बारा सेकंद टकटक येते आणि आपोआप थांबते. दिवसभरात पुन्हा कितीही वेळा चालू केली तरी आवाज नाही. ऑइल आणि फिल्टर गेल्याच महिन्यात बदललं. मिस्त्री म्हणतात, टॅपेटचा पूर्ण सेट टाका. टाकू का?

उत्तर : एवढ्यात टाकू नका. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींतच निम्मं निदान आहे : आवाज रात्रभर गाडी उभी राहिल्यावरच येतो, आणि तो ऑइल-फिल्टर बदलल्याच्या सुमारास सुरू झाला.

दहा-बारा सेकंदांत गप्प होणारी टकटक बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची असते. टॅपेट म्हणजे कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा तुकडा. या टॅपेटच्या पोटात ऑइल भरलेलं असतं आणि तेच व्हॉल्व्हची फट भरून काढतं. ते रात्रीत निथळलं, की सकाळी पंपाचं ऑइल वर पोचेपर्यंत टॅपेट पोकळ वाजतो. स्क्रूने गॅप लावायचे साधे टॅपेट असे काही सेकंदांत शांत होत नाहीत. खात्रीसाठी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने ऐका. कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा मुख्य दांडा) निम्म्या वेगाने फिरते. म्हणून ८०० आरपीएमला एक सैल टॅपेट मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात ठोके देतो (निम्म्या वेगाने ऐकताना तीन-चार). ठोके याच्या दुप्पट असतील तर आवाज क्रँकच्या वेगाचा आहे, आणि मग चौकशी खाली चेंबरच्या (इंजिनाखालची ऑइलची टाकी) बाजूला करायची.

आता फिल्टर. त्याच्या तोंडाशी आतून रबराची एक पाकळी असते. इंजिन बंद झाल्यावर ती ऑइल परत चेंबरमध्ये उतरू देत नाही. हलक्या फिल्टरची पाकळी नीट बसत नाही किंवा लवकर कडक होते. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल, तर याचा त्रास जास्त. सकाळी गाडी चालू न करता फिल्टर खोला : तो जवळजवळ रिकामा निघाला तर चोर सापडला. गाडीच्या कंपनीचा फिल्टर आणा, त्याच्या रबरी वायसरला ऑइलचं बोट फिरवा, वायसर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळा. जुना वायसर इंजिनला चिकटून राहिला नाही ना, हे आधी पाहा. दोन वायसर एकावर एक आले तर चालू गाडीत ऑइलची पिचकारी उडते.

ऑइलचा ग्रेड आणि पातळी यांतही घोळ असू शकतो. आवाज दबावा म्हणून काही जण मॅन्युअलपेक्षा जाड ऑइल टाकतात. जुन्नरच्या थंडीत ते उलट उशिरा वर चढतं आणि टकटक लांबते. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. कमाल खुणेच्या वर भरलं असेल तर क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि टॅपेटच्या पोटात हवा शिरते. गाडी बीएस ६ असेल आणि न भरता पातळी वाढत असेल, तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) साफ होताना जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. असं पातळ झालेलं ऑइल बदलायचंच, आणि नवं घेताना मॅन्युअलमधला कमी राखेचा ग्रेडच घ्यायचा.

एवढं करूनही आवाज राहिला तर ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे साधा गेज लावा. गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय ही गॅरेजमधली ढोबळ मोजणी. खरा आकडा मॅन्युअलचा. प्रेशर ठीक असेल तर मगच टॅपेट कव्हर उघडा. जो टॅपेट अंगठ्याने दाबल्यावर स्पंजासारखा दबतो तो गेलेला. त्याच्यावरचा कॅमचा उंचवटा नखाने चाचपा. खरखर लागली तर नुसता टॅपेट बदलून भागणार नाही. साफसफाईसाठी चेंबरमध्ये डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन फिरवू देऊ नका. बेरिंगवरची ऑइलची फिल्म तुटते, आणि शंभर रुपयांच्या सफाईत क्रँक जाते.

हाच आवाज पाच-सात मिनिटं टिकत असता, लोड दिल्यावर वाढून इंजिन तापल्यावर मिटत असता, तर मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा लोखंडी नळ) बोट दाखवलं असतं. थंडीत फट उघडी असते, लोखंड तापून फुगलं की बंद होते. पॅकिंगजवळ काजळीचा पट्टा किंवा टोकाच्या सिलिंडरचा तुटलेला स्टड दिसतो. मीटरभर रबरी नळी एका कानाला लावून दुसरं टोक सांध्यावरून फिरवा, फसफस लगेच कळते. मात्र बाही आणि गळ्यातला मफलर पंख्या-पट्ट्यापासून लांब ठेवा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर असेल तर तांब्याचा वायसर गळतो आहे. तो प्रत्येक वेळी नवाच घालायचा. कोणता नोझल वाजतो हे शोधायला चालू इंजिनचे पाइप ढिले करण्याची जुनी पद्धत कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना) अजिबात नको. आयडलिंगलाही तिथे शेकडो बार प्रेशर असतं. ती धार कातडी फोडून आत शिरते.

प्रेशरचा लाल दिवा सेल्फनंतर दोन-तीन सेकंदांत विझला नाही, किंवा खालून जड ठोका येऊन तो इंजिन तापेल तसा वाढत गेला, तर गाडी तिथेच बंद करा आणि टोचन करून न्या.

प्रश्न : छोटी पिकअप सीएनजीवर चालते. पूर्वी टॅपेट थोडे वाजायचे, आता अजिबात नाही. पण सकाळी उशिरा चालू होते आणि मिसिंग करते. संबंध आहे का?

उत्तर : असण्याची दाट शक्यता आहे, आणि हे तुम्हाला लवकर सुचलं हे बरं झालं. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. म्हणून आवाज जातो. पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्ह जळायला लागतो. थंड इंजिनवर, त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना फीलर गेजने गॅप मोजा. मॅन्युअलमधल्या मापाची पट्टी किंचित अडखळत सरकली पाहिजे. शिरतच नसेल तर गॅप लावून कॉम्प्रेशन तपासा. ते तरीही कमी आलं तर हेड उतरवून सीटचं काम करून घ्या.